पावनं, गाव कंचं?

जगात अनोळखी माणूस नावाची वस्तूच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत आणि दुर्दैवानं ते आमचे मामा आहेत. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत गेली. निवृत्तीनंतर खाकी कपडे खुंटीला लागले, पण प्रत्येक माणसासमोर जाऊन उभं राहायची सवय काही गेली नाही. पूर्वी ते समोरच्याला "कुठं जायचं?" असं विचारायचे, आता "पावनं, गाव कंचं?" असं विचारतात, एवढाच काय तो फरक. गाव कळलं की आळी, आळी कळली की आडनाव, आडनाव कळलं की आईचं माहेर, आणि तिथून पुढं समोरचा माणूस आपला कोण लागतो हे मामा त्याला समजावून सांगतात. हे नातं बहुतेक वेळा साफ चुकलेलं असतं. एकदा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा एक मुलगा पार नांदेडहून वेल्ह्यात आला होता. मामांनी त्याला आत्याच्या चुलतबहिणीचा दीर ठरवून घरी आणला, जेवू घातलं, ओसरीवर झोपवला, आणि तो बिचारा यंत्राचा विषय न काढताच संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. आत्या म्हणाली, "साऱ्या जगाशी नाती जोडत्यात. दळन आनायला सांगितलं की माजीच ओळख पटत न्हाई ह्यांना."

आम्ही एकाच आळीत राहतो, त्यामुळे मामांची ही कला मी लहानपणापासून सोसत आले होते. पण ती माझ्या आयुष्याच्या आड येईल असं वाटलं नव्हतं. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात नोकरीसाठी मुलाखत देणारी मी पहिलीच मुलगी. वर्ष संपेपर्यंत नोकरी लागली नाही तर वेल्ह्याला परत यायचं आणि मग घरातले लोक जे ठरवतील ते करायचं, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात नोकऱ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी आमचा एक तास घेतला आणि सांगितलं, नुसते मार्क उपयोगाचे नाहीत, नेटवर्किंग करा. नोकरीवाल्या वेबसाइटवर आपलं पान उघडा, सीनियर मंडळींना मेसेज पाठवा, मोठ्या माणसांच्या ओळखी करून घ्या आणि अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख सांगायला शिका. मी सुट्टीला घरी आले आणि जेवताना हे आईला सांगायची चूक केली. मामा नेमके ताक प्यायला आले होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"म्हंजे ओळखी करायच्या?" मामा म्हणाले. "आन् ह्ये शिकवाय कालेज काडलंय?"

मी म्हटलं, "मामा, ते वेगळं असतं. प्रोफेशनल."

"आसू दे की प्रोफेशनल. मानसंच हायेत नव्हं? आता तू काई काळजी करू नगंस."

माझी खरी काळजी त्या क्षणापासून सुरू झाली.

आधी त्यांनी माझी अर्ध्या मिनिटाची ओळख ऐकून घेतली. मी आरशासमोर घोटून घोटून तयार केलेली, इंग्रजी, नाव-शिक्षण-प्रोजेक्ट-ध्येय अशी ओळख. मामांनी ती डोळे मिटून ऐकली, मराठीत करून मागितली, परत ऐकली आणि म्हणाले, "समदं तुजंच. समोरच्याला काय इचारलंस?" मी म्हटलं, "मुलाखतीत आपण विचारायचं नसतं, ते विचारतात." त्यावर मामा इतके हळहळले की जणू मी आजारी आहे. मग त्यांनी मला बरोबर घेऊन फिरायला सुरुवात केली. वेल्ह्याहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत ते माझ्याबरोबर चढत, सगळ्या गाडीला उद्देशून माझी माहिती सांगत, आणि नसरापूरला उतरून परत जात. उरलेला प्रवास मी मान खाली घालून करायची. एका आजींनी मला मेकॅनिकल म्हणजे काय ते विचारलं आणि मी सांगितल्यावर पिशवीतून मिक्सरचं भांडं काढून दाखवलं. ते पात्याजवळ गळत होतं.

भोंगवलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांआधी माईकवरून मान्यवरांची नावं पुकारतात. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, अशी ती यादी अक्षता हातात ओल्या होईपर्यंत चालते. मामांनी निवेदकाला बाजूला घेतलं, त्याची आजी आपल्या मावशीच्या गावची आहे हे त्याला पटवून दिलं, आणि माईक हातात घेऊन जाहीर केलं की आमची पोरगी इंजिनेर झालीये, हुशार हाय, निर्व्यसनी हाय, कुनाच्या वळखीत काय आसंल तर मंडपातच गाठ घ्यावी. मला उभं केलं. हिरव्या साडीत, सगळ्या वऱ्हाडासमोर. आता लग्नाच्या मांडवात उपवर मुलीला उभं करून असं काही सांगितलं तर ऐकणारे काय समजणार? जेवणं उरकायच्या आत माझ्यासाठी स्थळं आली. एका मुलाची आई तर हात धुऊन थेट माझ्या आईशेजारी येऊन बसली आणि मला चालून दाखवायला सांगू लागली. मला कंपनी हवी होती, तिथं सासर चालून आलं. मामा मात्र खुशीत होते. "बग," म्हणाले, "एका दिसात किती घरांची वळख झाली."

मग त्यांना त्या वेबसाइटचा सुगावा लागला. भोरच्या स्टँडवरच्या मोबाईलवाल्याकडून त्यांनी खातं उघडून घेतलं, कंडक्टरच्या वेशातला बिल्ल्यासकटचा फोटो लावला आणि हुद्दा लिहिला, 'सेवानिवृत्त वाहक, वेल्हे'. त्यानंतर मी ज्या ज्या मोठ्या माणसाला जपून, शब्द तोलून, मॅडमकडून तपासून घेऊन मेसेज पाठवी, त्या त्या माणसाच्या पानावर आमचे मामा आधीच पोचलेले असत. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी नेतृत्वगुणांवर लांबलचक इंग्रजी लेख लिहिला होता. त्याखाली देशोदेशीच्या लोकांनी अभिनंदन केलं होतं आणि त्या सगळ्यांच्या खाली मामांनी लिहिलं होतं, 'साहेब, नमस्कार. गाव कोणते? इकडे आलात तर जेवायला घरी यावे. आमची मुलगी इंजिनियर आहे.' आणि खाली माझं संपूर्ण नाव. त्या साहेबांनी मामांना ब्लॉक करून टाकलं. कॉलेजच्या मॅडमनी मला बोलावून विचारलं, "हे वेल्ह्याचे वाहक कोण?" मी म्हटलं, "आत्याचे मिस्टर." त्या म्हणाल्या, "त्यांना जरा समजाव." चालत्या गाडीतल्या कंडक्टरला आजवर कुणी काय समजावलंय!

चाकणच्या एका कंपनीची मुलाखत ठरली तेव्हा मी घरात कुणालाच सांगितलं नाही. तरी कुठून तरी सुगावा लागून मामा माझ्या आधीच हजर. गेटवरचा वॉचमन आमच्या भोरकडच्या हिर्डोशीचा निघाला होता, त्यामुळे मी पोचेपर्यंत मामांचा चहा झाला होता आणि ते आत, सोफ्यावर बसले होते. मी हात जोडले. "मामा, कुणाशी बोलू नका. एवढं माझ्यासाठी करा." मामांनी शपथ घेतली. मुलाखत संपवून मी बाहेर आले तर मुलाखत घेणारे साहेब पाण्यासाठी बाहेर आलेले, आणि मामा त्यांच्यासमोर उभे. साहेब लखनौचे होते. मला वाटलं, सुटले. लखनौला मामा काय करणार? मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आमच्या खालच्या आळीचा पोरगा मिल्ट्रीत व्हता, लकनौलाच. उंच, मिशीवाला. तुमी बगितला आसंल." साहेबांना मराठी कळत नव्हतं. मामा मिशी हातानं दाखवत होते.

माझी निवड झाली नाही. आत मला बेअरिंगवरचे प्रश्न आले होते आणि मी गडबडले होते, तेव्हा त्यात मामांचा काही हात नव्हता. पण रागवायला जवळ मामाच होते. परतीच्या गाडीत माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मामा, आता बास. तालुक्यातली कुत्रीसुद्धा तुम्हाला ओळखतात. त्या सगळ्या ओळखींतून आजवर कुणाचं एक तरी काम झालंय का? एक नोकरी? एक?"

मामांनी माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्यानं बघितलं. "काम?" म्हणाले. "कामाचं कोन बोल्तंय?"

मग खिडकीबाहेर बघत ते बोलत राहिले. नोकरी नवीन असताना त्यांना हिर्डोशीच्या बाजूची मुक्कामी गाडी मिळाली होती. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन थांबायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परतायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच राहायचे. गावातली घरं त्यांना आळीपाळीनं भाकरी द्यायची. तसा काही सरकारी नियम नव्हता, पण गाडी आपल्या गावात थांबते म्हणजे तिची माणसं आपली, एवढाच हिशेब. "त्या दिशी मला ताप भरला," मामा म्हणाले. "डायवर त्येच्या पावन्यांकडं गेल्याला. म्या गाडीतच मागच्या शिटावर पडलो. कुनाला ठावं न्हाई, म्या आत हाय त्ये. पाऊस तर आसा, का ढोलच वाजतुया टपावर. आन् दार वाजलं. बगतो तर म्हातारी, डोक्यावर इरलं घिऊन. म्हनली, कंडक्टर जेवाय का न्हाई आला? माज्या भाचीच्या दिराला उपाशी निजवू व्हय?"

"तुम्ही तिच्या भाचीचे दीर?"

"कुटला दीर!" मामा म्हणाले. "तिचा घोळ झाल्याला. पन म्या न्हाई म्हनलो न्हाई. भाकरी गरम व्हती."

नसरापूर आलं तेव्हा नव्यानं चढलेल्या एका बाईंना त्यांनी गाव विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

अखेर नोकरी लागली. मामांच्या एकाही ओळखीतून नाही. कॉलेजातल्या एका सीनियर मुलीला मी रीतसर मेसेज पाठवला होता, तिनं तिच्या कंपनीत माझा अर्ज पुढं सरकवला, मुलाखत फोनवर झाली आणि मामा त्या वेळी दळण आणायला गेले होते. कंपनी पाण्याचे पंप बनवणारी. गाव कोइमतूर. घरात पेढे वाटले गेले. मामांनी पेढा हातात घेतला आणि तो तसाच धरून बसले. "कोइमतूर," म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा दिसला. तालुका संपला होता, जिल्हा संपला होता, लखनौच्या मिशीवाल्यासारखासुद्धा कुणी सापडत नव्हता. "तितं आपलं कोन न्हाई," ते म्हणाले, आणि पेढा खाली ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खिडकीशी ओरडत होते. शेजाऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला पत्र्याची पट्टी असते, ती त्यांनी खरडून साफ केली होती आणि तिच्यावर कोइमतूर लिहिलेलं निघालं होतं. "आपल्या हिरीवरची मोटार तिकडचीच हाय की!" मी म्हटलं, "मामा, मोटार नातेवाईक होत नाही." पण ते थांबतात थोडेच! ते मला घेऊन भोरला गेले, स्टँडमागं जळालेल्या मोटारींची वायंडिंग करून देणाऱ्या चाचांकडे. चाचांशी मामांचा दोस्ताना नवा नव्हता. मामांनी पट्टीचा विषय काढताच चाचा म्हणाले, "कोइमतूर? आवो, म्या तितंच तर काम शिकलो. एका घरी राह्यलोय. लई चांगली मानसं. आता हायेत का न्हाईत, अल्ला जाने." झालं. चाचांनी जुन्या ओळखीच्या ओळखीतून त्या घरातला माणूस शोधून काढला, आणि मग फोनवर जे संभाषण झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पलीकडून तमिळ, अलीकडून मामांचं वेल्ह्याचं मराठी, मध्ये चाचांचं विसरत आलेलं तमिळ, आणि लांब आहे म्हणून तिघंही जिवाच्या आकांतानं ओरडत होते. मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यायले.

निघताना मामांनी इंद्रायणी तांदळाची पिशवी आणली. मी म्हटलं, "मामा, तिकडे लोक तीन वेळा भातच खातात." मामा म्हणाले, "खात आसतील. आपला न्हाई." पुणे स्टेशनवर ते डब्यात शिरले आणि तिकीट तपासावं तसं एकेका बाकाजवळ उभे राहून गाव विचारू लागले. सोलापूरला उतरणारं एक जोडपं सापडलं, त्यातल्या काकूंच्या हाती त्यांनी मला सोपवलं आणि बजावलं, "तुमी उतराल तवा फुडच्याच्या हवाली करा." त्या काकूंनी हे इतकं मनावर घेतलं, की सोलापूरला त्यांनी मला गुंतकलच्या एका आजोबांकडे दिलं, आजोबांनी उतरताना एका नर्सबाईंकडे, आणि अशा रीतीनं मी, यंत्र अभियंता, तांदळाच्या पिशवीसकट रजिस्टर पार्सलासारखी कोइमतूरला पोचती झाले. स्टेशनवर उतरल्याबरोबर मी मोठा श्वास घेतला. गाव कोणतं असं विचारणारं आता कुणीही नव्हतं.

खरोखरच कुणी नव्हतं. पहिले काही आठवडे मला त्याचं सुख झालं. मग कारखान्यात सगळे आपापल्या भाषेत हसत आणि मी हसण्याच्या शेवटी हसे. मॅडमनी शिकवलेली अर्ध्या मिनिटाची ओळख सगळ्यांना सांगून झाली होती. ती संपल्यावर पुढं काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळ्यात मला ताप आला. मी रजा टाकली, खोलीचं दार लावलं आणि पडून राहिले. फोन उशाखाली कधीतरी बंद पडला होता, तो लावायला उठवत नव्हतं. मला आईची आठवण येत होती आणि मी रडत होते, हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही.

दुपारी दार वाजलं. बाहेर पांढरी लुंगी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. एका हातात भिजलेली छत्री, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. त्यांनी मला नीट निरखून बघितलं आणि विचारलं,

"भोर?"

मी मान हलवली. मग ते आत आले, डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. माझा फोन लागत नाही म्हणून भोरहून फोन करून माझा पत्ता दिला होता. माझे वडील तरुणपणी त्यांच्या घरी राहिले होते. वायंडिंगमध्ये माझ्या वडिलांच्या हाताला फार सफाई होती. माझ्या वडिलांना त्यांच्या आईचं रसम आवडायचं, म्हणून आज तेच आणलंय. माझे वडील वेल्ह्यात भातशेती करतात आणि त्यांनी आयुष्यात मोटारीची तार हातात धरलेली नाही. ते म्हातारे गृहस्थ मला भोरच्या चाचांची मुलगी समजून बसले होते.

मी नाही म्हटलं नाही. रसम गरम होतं.

संध्याकाळी फोन सुरू करून मामांना सांगितलं. पलीकडे वेल्ह्याच्या स्टँडचा आवाज येत होता. गाडीच्या वेळेला ते अजून तिथं जाऊन उभे राहतात. आता बहुतेकांकडे मोटारसायकली आहेत, गाडीतून उतरणारे थोडेच, आणि उतरतात तेही कानात वायरी घालून, त्यामुळे गाव विचारलं तर ऐकू जात नाही, असं आत्या सांगते. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, गाव कंचं म्हनले त्ये?"

मी म्हटलं, "मामा, कोइमतूरच की."

"कोइमतूर आता. मूळ गाव कंचं?"

विचारायचं राहून गेलं होतं. मामा इतके वैतागले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. एवढं शिकली आन् येवढं साधं इचारता आलं न्हाई, असं ते बहुधा शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगत होते. रविवारी डबा न्यायला ते गृहस्थ परत यायचे होते, तेव्हा नक्की विचारीन असं मी कबूल केलं. रिकामा डबा परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी तो घासून पुसून त्यात मामांचा इंद्रायणी भरून दाराजवळ ठेवला. रविवार यायला अजून अवकाश होता. येता-जाता मी झाकण काढून त्याचा वास घेत होते.